पुसण्याआधी पाहावे

पौष लागला की आमच्या लष्करात सकाळी नऊ-नऊपर्यंत धुके हटत नाही. जुन्या वाड्यांतून राहणाऱ्या मंडळींना ही थंडी ठाऊक आहे. नळाच्या पाण्यात हात घातला, की बोटे आपली राहत नाहीत. अशा दिवसांत शहाणी माणसे पांघरुणात बसून तिळाची वडी खातात. मी मात्र गेल्या पौषातला एक रविवार चौकात गोणपाट अंथरून मोटरसायकलच्या इंजिनाचा मळ काढण्यात घालवला. हौस म्हणून नव्हे. ती गाडी घरात राहणार की जाणार, असा प्रश्न होता.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. मद्रासेस १९५५ साली बुलेट तयार होऊ लागली. आमची १९७१ सालची. लोक तिला साडेतीनशेची म्हणतात, हिशेबाने ती ३४६ घन सेंटिमीटरची. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९०. सिलिंडर बिडाचे, त्यावरचे डोके अॅल्युमिनियमचे. अण्णा बिर्लानगरच्या गिरणीत होते. पहाटेच्या पाळीला निघताना ते धुक्यात किक मारीत आणि त्या आवाजाने आमची आळी जागी होई.

आता चिरंजीवांचे म्हणणे असे, की "बाबा, यंदा मेळ्यात नवी घेऊ, ही काढून टाकू." आमचा मेळा १९०५ सालापासूनचा. ज्या वर्षी तिथे वाहनांच्या करात सवलत मिळते, त्या वर्षी निम्मे शहर तिथूनच गाडी घेऊन घरी येते. तेव्हा मुलाचे काही चुकले नव्हते. शिवाय आमच्या मिस्त्रींनी बाहेरूनच पाहून निकाल दिला होता, की इंजिन सगळीकडून तेल गाळते आहे, पुरते खोलावे लागेल. त्यांनी सांगितलेला आकडा गाडीच्या किमतीच्या वर होता. मीही मनाने जवळजवळ होकार दिला होता. सोमवारी गिऱ्हाईक यायचे होते, म्हणून गाडी जरा दिसण्याजोगी करावी, एवढाच त्या रविवारचा बेत होता.

आदल्या वर्षी मी ती बाहेरून धुऊन आणली होती. पाण्याचा जोराचा फवारा ठिणगीच्या झाकणाखाली शिरला आणि गाडी पडावाच्या पुलावर बंद पडली. तेव्हा यंदा घरीच. अण्णांचा क्रम मला पाठ होता. इंजिन आधी थोडे चालवायचे, म्हणजे मळ सैल होतो. मग हात लावता येईल इतके निवू द्यायचे. तापल्या बिडावर गार पाणी कधी टाकायचे नाही, धातू एकाएकी आक्रसतो आणि तडा जाण्याची भीती असते. कार्बोरेटरचे आणि सायलेन्सरचे तोंड फडक्याने बंद करायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, लगेच पुसायला बसायचे नाही. "आधी बघ," असे ते म्हणत. "मळ आपण होऊन सांगतो, तेल कुठून येतंय ते. पुसलास की साक्षीदार गेला."

म्हणून पाहू लागलो. सिलिंडरभोवतीच्या पात्यांच्या खाचा काळ्या लगद्याने बुजल्या होत्या. वाऱ्याने त्या पात्यांतली उष्णता न्यायची असते. मळ भरला की त्यांना जणू रजईच पांघरली. उजव्या अंगाला लगदा दाट, डाव्या अंगाला नुसती कोरडी धूळ. म्हणजे गाडी 'सगळीकडून' गळत नव्हती!

तेलाचे झाकण उघडले, तर आत ताकासारखा पांढरट फेस. याचे कारण मात्र मीच होतो. एक लिटर पेट्रोल जळले, की साधारण तेवढेच पाणी वाफ होऊन निघते. बहुतेक धुराबरोबर बाहेर जाते, थोडी वाफ दट्ट्याच्या कडेने तेलात उतरते. इंजिन चांगले तापले तर ती उडून जाते. पण थंडीत घर ते बाडा, बाडा ते घर एवढीच फेरी असेल, तर तिचे पाणी होते आणि तेलात घुसळले जाते. अण्णा हिवाळ्यात दर रविवारी तिघऱ्यापर्यंत चक्कर का मारीत, हे त्या दिवशी उमगले. आम्ही त्याला त्यांचा षोक समजत होतो.

मग बांबूच्या कामटीने लगदा खरवडला, ब्रशने डिझेल लावले, पात्यांतून जुना टूथब्रश फिरवला, कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन गाडी उन्हात ठेवली. दुपारी ती कोरडी झाल्यावर अण्णांचीच युक्ती केली. कॅरमची पावडर उजव्या अंगावर भुरभुरली आणि इंजिन चालू केले. मला त्या पांढऱ्यावर काही दिसेना. चष्म्याचा नंबर वाढला आहे. चिरंजीव जिन्यावर उभे राहून गंमत पाहत होते. ते खाली आले, वाकले आणि म्हणाले, "बाबा, हे बघा. इथून ओघळ येतोय."

वर डोक्याकडे तेल नेणारी बारीक नळी आहे. तिच्या वरच्या बोल्टपासून केसाएवढी काळी रेघ उतरत होती. तिथे तांब्याचे दोन वॉशर असतात. दोन वर्षांपूर्वी मीच ते सांधताना जुने, कडक झालेले वॉशर पुन्हा बसवले होते. तेल तिथून पात्यांवर ओघळे, वाऱ्याने मागे पसरे, त्यावर धूळ बसे आणि सारे इंजिनच गळत असल्याचा देखावा उभा राही. वॉशर काढले, स्वयंपाकघरातल्या शेगडीवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले. तांबे असे केले की पुन्हा मऊ होते. बसवले. तेल गरम असतानाच काढून नवे भरले. पुन्हा पावडर टाकली. ती पांढरीच राहिली.

सोमवारी गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवले, आणि ते चिरंजिवांनीच कळवले. मेळ्यातून नवी स्कूटर आली ती आलीच. तिच्याशी माझे भांडण नाही. पण आता थंडीतल्या रविवारी तिघऱ्याची चक्कर मुलगा मारतो. परत आल्यावर गाडी स्टँडवर लावतो, निवू देतो आणि फडके हातात घेण्यापूर्वी क्षणभर वाकून उजव्या अंगाला पाहतो. त्याने अण्णांना असे वाकताना कधी पाहिलेले नाही.