घाटात उकळलेली गाडी आणि दीड मिलिमीटरची चकती

विद्यार्थिमित्रांनो, गडचांदूरहून जिवतीला जाणारा रस्ता तुमच्यापैकी चंद्रपूर जिल्ह्यातल्या पुष्कळांनी पाहिला असेल. सपाटीवरचा रस्ता संपला की माणिकगडच्या डोंगराचा चढ लागतो. वळणे सुरू होतात, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये येते आणि इंजिनाचा आवाज बदलतो. मे महिन्यात, सावलीतही पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास असताना, हा चढ म्हणजे इंजिनाची परीक्षाच असते. गेल्या उन्हाळ्यात या परीक्षेत आमची गाडी दोनदा नापास झाली. पहिल्यांदा दोष गाडीचा होता. दुसऱ्यांदा मात्र तो भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माझा होता.

माझे थोरले बंधू जिवतीला शिक्षक आहेत. त्यांच्या जुन्या चारचाकीतून आम्ही चढत होतो. तापमान दाखवणारा काटा तांबड्या पट्ट्याकडे सरकू लागला. "दादा, थोडेच राहिले आहे, वर जाऊनच थांबू," असे मी म्हणालो. वर पोहोचलो तेव्हा बॉनेटखालून वाफ येत होती आणि मागच्या नळीतून पांढरा धूर निघत होता. घाईघाईने मी कॅनमधले गार पाणी इंजिनावर ओतले. दुसऱ्या दिवशी तेलाची कांडी काढून पाहिली, तर तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसत होते. शेजारच्या एका निवृत्त फिटरकाकांनी ते बघताच निदान केले: "हेड गॅसकेट उडालं जी सर."

हे गॅसकेट म्हणजे काय? इंजिनाचे मुख्यतः दोन भाग असतात. खालच्या भागाला ब्लॉक म्हणतात. त्यात सिलिंडरांची भोके असून त्यांत दट्टे वरखाली होतात. वरचा भाग म्हणजे हेड. त्यात झडपा असतात. हे दोन भाग बोल्टांनी एकमेकांवर आवळलेले असतात आणि त्यांच्यामध्ये जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाडीची चकती असते. तेच हेड गॅसकेट. प्रेशर कुकरच्या झाकणातले रबरी कडे जे काम करते, तेच काम ही चकती करते. फरक एवढाच की कुकरच्या कड्याला फक्त वाफ अडवायची असते. गॅसकेटला तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवाव्या लागतात: सिलिंडरमधले जळते वायू, ब्लॉकमधून हेडमध्ये जाणारे वंगणतेल आणि इंजिनाभोवती खेळणारे पाणी.

आता थोडा हिशेब करू. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडल्यावर वायूंचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ५० पट होतो. डिझेल इंजिनात तो याहूनही पुष्कळ जास्त असतो. सिलिंडरचा व्यास ८ सेंटिमीटर धरला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर होते. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम वजनाइतका असतो. म्हणजे हेडला वर उचलणारे बल ५० × ५०, अर्थात २५०० किलोग्रॅम वजनाइतके झाले! अडीच टनांचा हा धक्का एका मिनिटात हजारपेक्षा जास्त वेळा बसतो. पाण्याच्या वाटेतला दाब मात्र हवेच्या दाबापेक्षा जेमतेम एक पटीने जास्त असतो. साहजिकच चकतीला कुठे चीर पडली, की गरम वायू पाण्यात घुसतात. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसतात ते यामुळेच. इंजिन बंद केल्यावर उलटे घडते. पाणी सिलिंडरमध्ये किंवा तेलात झिरपते. तेलातले पाणी तेलाला दुधाळ करते आणि सिलिंडरमधले पाणी पांढरी वाफ होऊन बाहेर पडते. सिलिंडरमध्ये पाणी बरेच साठले असताना गाडी चालू केली, तर दट्ट्याचा दांडा वाकू शकतो. कारण वायू दाबता येतो, पाणी जवळजवळ दाबता येत नाही.

मग चकती उडाली का? याचे उत्तर शालेय पुस्तकातल्या प्रसरणाच्या धड्यात आहे. या गाडीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले, की अ‍ॅल्युमिनियमची १ मीटर पट्टी सुमारे २३ मायक्रॉनने वाढते आणि बिडाची सुमारे ११ मायक्रॉनने. हेडची लांबी ४५ सेंटिमीटर आणि तापमानातली वाढ ६० अंश धरा. अ‍ॅल्युमिनियमचे हेड ०.६२ मिलिमीटर वाढू पाहते, ब्लॉक मात्र ०.३० मिलिमीटरच वाढतो. हा ०.३२ मिलिमीटरचा फरक म्हणजे चार-पाच केसांची जाडी. रोजच्या चालण्यात गॅसकेट एवढी सरक सहन करते. पण पाणी उकळू लागले, की धातूला वाफेचा स्पर्श होतो आणि वाफ पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. हेडचा मधला भाग भलताच तापतो. बोल्टांनी जखडलेला असल्यामुळे त्याला मोकळेपणी पसरता येत नाही. ताण स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडतो आणि थंड झाल्यावरही हेड पूर्ववत सपाट होत नाही, किंचित वाकलेलेच राहते. त्यात गार पाणी ओतले, तर एकच जागा अचानक आकसते आणि धातूला तडाही जाऊ शकतो. काचेच्या गरम पेल्यात थंड पाणी ओतल्यावर काय होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

पाणी उकळलेच का, हाही प्रश्न आहे. रेडिएटरचे झाकण साधे नसते. त्यातली स्प्रिंगची झडप आतला दाब वातावरणापेक्षा साधारण एक पटीने जास्त ठेवते. या दाबाला पाणी १०० नव्हे, तर सुमारे १२० अंशांना उकळते. कुकरमध्ये डाळ लवकर शिजते तीही याच कारणाने. आमच्या झाकणाचे रबर कडक झाले होते. दुसरे कारण अस्सल इथल्या मातीतले आहे. या भागात चुनखडीचे मोठे साठे आहेत. गडचांदूर, आवाळपूरचे सिमेंट कारखाने त्यांवरच उभे राहिले. अशा भूमीतल्या बोअरचे पाणी बहुधा जड असते. असे पाणी तापले, की पातेल्याच्या बुडाशी बसतो तसा कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसतो. हा थर उष्णता वाहून नेण्याच्या कामी अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ शतांशच पात्र असतो. वर्षानुवर्षे बोअरचे पाणी भरून आम्ही रेडिएटरला आतून जणू गोधडी शिवली होती!

कारण कळले. आता दुरुस्ती घरीच करू, असे मी ठरवले. अंगणातल्या चिंचेखाली इंजिन उघडले, जुनी चकती काढली, नवी बसवली, बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळले. गाडी सुरू झाली. मला फार आनंद झाला. फिटरकाका म्हणाले, "काहून घाई करता जी? हेड सपाट आहे का ते तं पाहा." मी मनावर घेतले नाही. डोळ्यांना तर ते आरशासारखे सपाट दिसत होते.

अकराव्या दिवशी दादा आमच्या आईला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर चंद्रपूरहून घरी आणत होते. त्याच चढावर गाडी पुन्हा उकळली. डोळ्यावर पट्टी बांधलेली आई भर दुपारी दोन तास रस्त्याकडेच्या झाडाखाली बसून होती. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. पण त्या दिवसानंतर 'अंदाजाने' हा शब्द मी प्रयोगशाळेत वापरलेला नाही.

दुसऱ्यांदा काम काकांच्या पद्धतीने झाले. त्यातली प्रत्येक पायरी भौतिकशास्त्राचा एकेक धडा आहे.

इंजिन रात्रभर थंड होऊ दिले. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाब एकदम कमी होताच १२० अंशांचे पाणी क्षणात उकळून अंगावर उसळते. मग बॅटरीची ऋण तार सोडवली आणि पाणी भांड्यात काढून घेतले. त्यात मिसळलेले शीतक विषारी असून चवीला गोड असते, म्हणून ते मुले आणि जनावरे यांच्यापासून दूर ठेवले. झडपांच्या साखळीवरच्या खुणा जुळवून ठेवल्या. नंतर हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडेथोडे सैल केले. एकच बोल्ट पूर्ण सोडला, तर सगळा भार उरलेल्या बोल्टांवर येऊन हेड आणखी वाकते.

दोन्ही पृष्ठभाग साफ केले, पण पोलादी पात्याने खरवडले नाहीत, कारण अ‍ॅल्युमिनियमवर सहज ओरखडे पडतात. फार जुन्या गाड्यांच्या गॅसकेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून तशी चकती कोरडी घासू नये.

आता खरी परीक्षा. काकांनी पोलादाची सरळ पट्टी हेडवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर धरली व खाली फीलर गेजची पाती सरकवून पाहिली. साधारणपणे ०.०५ ते ०.१ मिलिमीटरपर्यंतचा बाक चालतो. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. मध्यभागी ०.२० मिलिमीटरचे पाते सहज आत गेले! डोळ्यांना 'आरशासारखे' वाटणारे हेड असे होते. ते चंद्रपूरला पाठवून यंत्रावर सपाट करून घेतले आणि त्याला तडा नाही याचीही खात्री करून घेतली. हे काम घरी होण्यासारखे नाही.

बोल्टांची भोके कापडाने पुसून कोरडी केली. खाली बंद असलेल्या भोकात तेल राहिले, तर बोल्ट फिरताना ते दाबले जाते. पास्कलच्या नियमाप्रमाणे तो दाब सर्व बाजूंनी पसरतो आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

शेवटी आवळणे. चादरीच्या सुरकुत्या आपण मध्यापासून कडेकडे सारतो. बोल्टही तसेच, मधल्यापासून सुरुवात करून आळीपाळीने बाहेर जात आणि तीन टप्प्यांत आवळायचे. त्यासाठी टॉर्क पाना वापरायचा. शेवटचा टप्पा ७० न्यूटन-मीटर असेल, तर ३५ सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला २०० न्यूटन, म्हणजे सुमारे २० किलोग्रॅम वजनाइतका जोर लागतो. एवढ्याने १० मिलिमीटर व्यासाच्या बोल्टात सुमारे साडेतीन टनांचा ताण निर्माण होतो. बोल्ट ताणलेल्या स्प्रिंगसारखा हेडला खाली खेचून धरतो. मात्र हाताच्या कष्टाचा नव्वद टक्क्यांच्या आसपासचा भाग आट्यांमधल्या आणि डोक्याखालच्या घर्षणातच खर्च होतो. म्हणून आटे गंजके आहेत की तेल लावलेले, यावर ताण पुष्कळ बदलतो आणि हाताचा अंदाज फसतो. कित्येक नव्या इंजिनांत ठरावीक टॉर्कनंतर बोल्ट ठरावीक अंशांनी फिरवतात. त्यात बोल्ट कायमचा लांबतो, म्हणून असे बोल्ट दुसऱ्यांदा वापरत नाहीत.

रेडिएटर आतून साफ करून घेतला, नवे झाकण लावले, तेल बदलले. बोअरच्या पाण्याऐवजी शुद्ध पाणी आणि शीतक यांचे मिश्रण भरले. ते गोठणबिंदू खाली आणते, उत्कलनबिंदू वर नेते आणि गंजही रोखते.

पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही पुन्हा तो चढ चढलो. आई पुढच्या सीटवर होती. काटा मध्यावरून हलला नाही. तो वर सरकला असता, तर या वेळी मी काय केले असते? गाडी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद केले असते, अर्धा-पाऊण तास काहीही उघडले नसते आणि काहीही ओतले नसते. तांबड्या पट्ट्यातली ती शेवटची काही मिनिटे वाचवायला गेलो, म्हणून हा सारा खटाटोप करावा लागला होता.

घरी करून पाहा: कुकरचे रबरी कडे काढा आणि फुटपट्टीची सरळ कड झाकणाच्या काठावर निरनिराळ्या दिशांनी धरून, खालून उजेड दिसतो का ते पाहा. कुकर पूर्ण थंड झालेला असावा, हे मात्र विसरू नका!