नाईल डोळे भरून पाहा, पाय मात्र बोटीतच ठेवा

कौंडण्यपूरला गेलेला माणूस वर्धा नदीत पाय बुडवल्याशिवाय परत येत नाही. मेळघाटात सेमाडोहजवळ सिपना दिसली की मुले काठावर चपला काढून पाण्याकडे धावतात. नदी दिसली की आधी नमस्कार, मग ओंजळभर पाणी आणि शेवटी पाय पाण्यात, ही आपली जुनी सवय. अमरावती-अकोल्याच्या पर्यटकांसोबत ही सवय आता आफ्रिकेलाही जाऊ लागली आहे. तिथे मात्र ती महागात पडू शकते.

मसाई माराचे सिंह आणि स्थलांतर करणारे प्राणी पाहायला केनिया-टांझानियात जाणाऱ्या सहलींमध्ये नद्या-तलावांचे थांबे हमखास असतात. नैवाशा तलावातली बोटीची फेरी, व्हिक्टोरिया सरोवराचा काठ, झांबेझी नदीवरचा व्हिक्टोरिया धबधबा ही ठिकाणे यादीत असतातच. युगांडातील जिंजा गावाजवळ नाईल नदी व्हिक्टोरिया सरोवरातून बाहेर पडते. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भाग इथे विसर्जित करण्यात आला होता. आज तिथे त्यांचे स्मारक आहे. अशा ठिकाणी उभे राहिल्यावर पाण्याला हात लावावासा वाटणारच. पण त्या नितळ, गोड्या पाण्यात एक असा जंत असू शकतो, जो चावत नाही, दिसत नाही आणि काही मिनिटांत कातडीतून शरीरात शिरतो.

गोगलगायीतून माणसात

या आजाराचे नाव शिस्टोसोमियासिस. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरने १८५१ मध्ये कैरो येथे हा जंत शोधला, म्हणून त्याला बिल्हार्झिया असेही म्हणतात. बाधित माणसाच्या लघवीतून किंवा शौचातून जंताची अंडी पाण्यात जातात. अंड्यांतून निघालेल्या अळ्या पाण्यातल्या ठराविक जातीच्या गोगलगायींत शिरतात आणि तिथे त्यांची संख्या प्रचंड वाढते. काही आठवड्यांनी दुभंगलेल्या शेपटीच्या सूक्ष्म अळ्या बाहेर पडून पाण्यात पोहू लागतात. त्या वेळी पाण्यात कोणी उतरले, तर त्याच्या कातडीतून त्या आत शिरतात. त्यासाठी जखम असण्याची गरज नसते.

पुढे हे जंत रक्तातून फुप्फुस व यकृतापर्यंत जातात, तिथे वाढतात आणि आतड्याभोवतीच्या किंवा मूत्राशयाभोवतीच्या शिरांमध्ये नर-मादीच्या जोडीने वर्षानुवर्षे राहतात. खरे नुकसान जंतांपेक्षा त्यांची अंडी करतात. ती आतडे, यकृत, मूत्राशय यांच्या भिंतीत अडकून तिथे सूज आणि व्रण निर्माण करतात. लघवीतून किंवा शौचातून रक्त जाणे, यकृताला इजा होणे आणि फार जुन्या आजारात मूत्राशयाचा कर्करोग, इथपर्यंत मजल जाऊ शकते. जगात सुमारे २५ कोटी लोकांना या आजारावरील उपचारांची गरज आहे आणि त्यातले ९० टक्क्यांहून अधिक आफ्रिकेत राहतात.

गंमत अशी, की दुर्गंध येणाऱ्या पाण्याला आपण भितो आणि स्वच्छ दिसणाऱ्यावर विश्वास ठेवतो. केनियातले काही तलाव आपल्या लोणारसारखेच खारे आहेत आणि तिथेही फ्लेमिंगो येतात. अशा अतिखाऱ्या पाण्यात या गोगलगायी तग धरत नाहीत. त्या राहतात गोड्या पाण्यात, विशेषतः काठावरच्या संथ, पाणवनस्पतींच्या भागात. पर्यटक पाय सोडून बसतात ती जागा नेमकी हीच असते.

कोकणातले एक गाव

हा आजार आपल्याकडे कधीच नव्हता, असे मात्र नाही. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातील गिमवी गावात लघवीवाटे रक्त जाणारे रुग्ण आढळले. तपासणीअंती तो शिस्टोसोमियासिस निघाला. डॉ. गाडगीळ व डॉ. शहा यांनी १९५२ मध्ये हा शोध प्रसिद्ध केला आणि गिमवीचे नाव जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत गेले. पण हा आजार देशभर पसरला नाही. आफ्रिकेत त्याला थारा देणाऱ्या गोगलगायींच्या जाती आपल्या पाण्यात नाहीत, हे त्याचे मोठे कारण. त्यामुळे सहलीहून परतलेला कोणी बाधित असला, तरी त्याच्यापासून घरच्यांना किंवा शेजाऱ्यांना लागण होत नाही.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. आजार आपल्याकडे दिसत नाही, म्हणून तो कोणाच्या चटकन लक्षातही येत नाही.

परतल्यावर ताप आला तर

समजा, अकोल्याचे एक निवृत्त दांपत्य जुलैत आफ्रिकेची सहल करून आले. ऑगस्टच्या अखेरीस काकांना ताप, कोरडा खोकला, अंगावर पित्ताच्या गांधी आणि जुलाब सुरू झाले. पावसाळा असल्याने डेंग्यू, टायफॉइड, मलेरिया अशा तपासण्या झाल्या. रक्तात इओसिनोफिल पेशी वाढलेल्या निघाल्या, तेव्हा ‘अॅलर्जी असेल’ म्हणून गोळ्या मिळाल्या. आठवडाभराने बरेही वाटले. महिनाभरापूर्वी सरोवराकाठी तासभर पाण्यात पाय सोडून बसलो होतो, हे काकांनी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

या जंताची लागण झाल्यावर साधारण चार ते आठ आठवड्यांनी असाच ताप येऊ शकतो. त्याला कातायामा ताप म्हणतात. तो आपोआप उतरतो, पण जंत आतच राहतात. अनेकांना तर हा तापही येत नाही. म्हणून अशा गोड्या पाण्यात उतरलेल्यांनी काही त्रास नसला तरी सहा ते आठ आठवड्यांनी डॉक्टरांना भेटावे. रक्ताच्या, लघवीच्या व शौचाच्या तपासणीतून निदान होते. मूत्राशयाच्या प्रकारात अंडी दुपारच्या सुमारास जास्त पडतात. त्यामुळे सकाळी १० ते दुपारी २ या वेळेतील लघवीचा नमुना उपयोगी ठरतो. प्राझिक्वांटेल नावाच्या गोळ्यांनी हा आजार बरा होतो. मात्र कोवळ्या जंतांवर हे औषध नीट चालत नाही. त्यामुळे घाईने, मनाने गोळ्या घेऊन उपयोग नाही. ते डॉक्टरांवर सोपवावे.

वाट पाहून चालत नाही असा आजार म्हणजे मलेरिया. नदीकाठी, तलावाकाठी संध्याकाळी डास असतातच आणि आफ्रिकेतला बहुतेक मलेरिया फाल्सिपॅरम प्रकारचा, म्हणजे मेंदू व मूत्रपिंडापर्यंत जाणारा असतो. डास चावल्यापासून साधारण एका आठवड्यानंतर कधीही ताप येऊ शकतो. सहलीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. सरकारी रुग्णालयात ही तपासणी मोफत होते. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला, तर ती पुन्हा करावी. डॉक्टरांना पहिले वाक्य सांगायचे ते हे, की ‘आम्ही अमुक तारखेला आफ्रिकेहून आलो.’

बॅग भरण्याआधी

पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते. तिचे प्रमाणपत्र २०१६ पासून आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. पीतज्वर असलेल्या देशातून प्रमाणपत्राविना परतणाऱ्याला भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. साठीपुढच्या व्यक्ती, गर्भवती, अंड्याची तीव्र अॅलर्जी असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी लस घेण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. मलेरिया टाळण्याच्या गोळ्याही डॉक्टरांच्या सल्ल्याने जाण्याआधीच सुरू कराव्यात. परतल्यावर औषधानुसार एक ते चार आठवडे त्या चालू ठेवाव्या लागतात. घरी आलो म्हणून त्या बंद करणे ही नेहमीची चूक आहे.

पाण्यापाशी पुढील गोष्टी पाळाव्यात:

- नदी, तलाव, कालवा यांच्या गोड्या पाण्यात पोहू नये, चालू नये, पाय सोडून बसू नये. समुद्रात किंवा क्लोरिन घातलेल्या तरणतलावात या आजाराची भीती नाही.
- स्थानिक मुले डुंबताना दिसली म्हणून पाणी सुरक्षित समजू नये. त्यांच्यातल्या अनेकांना हा आजार लहानपणीच झालेला असतो.
- तलावाकाठच्या लॉजमध्ये आंघोळीचे पाणी थेट तलावातून येते का, हे विचारावे. तसे असेल तर ते उकळून, कोमट करून वापरावे. दोन दिवस साठवलेल्या पाण्यातही या अळ्या जिवंत राहत नाहीत.
- पाण्यात चुकून पडल्यास अंग लगेच टॉवेलने खसाखसा पुसावे. पण तेवढ्यावर विसंबू नये. तारीख लिहून ठेवावी आणि परतल्यावर तपासणी करावी.
- संध्याकाळी काठावर फिरू नये. पाणघोडे त्याच वेळी चरायला बाहेर पडतात. अंगभर कपडे, डास पळवणारे मलम आणि मच्छरदाणी विसरू नये.

एवढे सांभाळले तर सहलीत काहीच कमी होत नाही. बोटीतून पाणघोडे पाहता येतात, काठावरून नाईलचा उगम पाहता येतो आणि नदीला नमस्कार दुरूनही पोहोचतो. पाय बुडवायचेच असतील तर परत आल्यावर सिपना आहेच.