विजयी सम्राटाची उलटतपासणी

मार्कस ऑरेलियस इ.स. 161मध्ये रोमच्या गादीवर आला. 165च्या सुमारास पूर्वेकडच्या युद्धावरून परतणाऱ्या फौजांबरोबर भयंकर साथ आली आणि गावंच्या गावं ओस पडली. पाठोपाठ डॅन्यूबपलीकडच्या मार्कोमानी आणि क्वादी टोळ्या साम्राज्यात घुसल्या. खजिन्यात खडखडाट होता. प्राचीन चरित्रकार सांगतो, की सम्राटाने राजवाड्यातली मौल्यवान भांडी आणि वस्त्रं लिलावात काढली. 169मध्ये मोहिमेवर निघण्याच्या तोंडावर त्याचा सात वर्षांचा मुलगा शस्त्रक्रियेनंतर दगावला. बापाने पाच दिवस शोक पाळला आणि तो सरहद्दीवर गेला.

तिथेच, आजच्या ऑस्ट्रियातल्या कार्नुंटमच्या छावणीत, आपण 'मेडिटेशन्स' म्हणून ओळखतो त्या ग्रीक टिपणांचा काही भाग लिहिला गेला. टिपणं स्वतःपुरती होती, म्हणून त्यांत पवित्रा नाही. एके ठिकाणी धडापासून तुटून पडलेला हात, पाय, मुंडकं येतं. समाजापासून स्वतःला तोडून घेणारा माणूस तसाच, असं तो म्हणतो. हा दाखला त्याला ग्रंथांत शोधावा लागला नसणार. दुसरीकडे तो माशी पकडून फुशारणाऱ्या कोळ्याची आणि सार्मेशियन शत्रूला पकडून मिरवणाऱ्या माणसाची एकाच रांगेत गणना करतो. वृत्ती तपासली तर हे सगळे लुटारूच ना, असा त्याचा सवाल आहे. आणि 175मध्ये याच सम्राटाने 'सार्मॅटिकस', म्हणजे सार्मेशियनांचा विजेता, हा किताब घेतला!

त्याच्या विजयांचा सुमारे तीस मीटर उंच संगमरवरी स्तंभ रोमच्या पियाझ्झा कोलोनात आजही उभा आहे. त्याला वेटोळे घालत जाणाऱ्या शिल्पपट्ट्यात पेटलेल्या झोपड्या आहेत, ओढून नेलेल्या बायका आहेत, शिरच्छेद होणारे कैदी आहेत. ज्या पराक्रमाबद्दल सम्राटाच्या मनात शंका होती, तोच राज्याने दगडात कोरून गौरवला. वहीतली शहाणीव खरी आणि स्तंभावरचं रक्तही खरं. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

मग त्या शहाणिवेने साधलं काय? 175मध्येच सेनापती अव्हिडियस कॅशियसने बंड करून स्वतःला सम्राट घोषित केलं. काही महिन्यांतच त्याच्याच माणसांनी त्याला मारलं आणि त्याचं शिर मार्कसकडे पाठवलं. मार्कसने ते पाहायलाही नकार दिला, त्याचं दफन करवलं आणि बंडात सामील झालेल्या सिनेटरांना देहदंड देऊ नये, असं सिनेटला कळवलं. रोमच्या इतिहासात फसलेल्या बंडांनंतर रक्ताचे पाट वाहिलेले आहेत. इथे सूड आवरला गेला.

संकटात मन शांत कसं ठेवावं, एवढ्यासाठीच आज ही टिपणं बहुतेकदा वाचली जातात. ते वाचन अपुरं आहे. सत्ता हातात असताना आणि आपलीच बाजू जिंकत असताना स्वतःची उलटतपासणी करणं, ही त्यांतली अवघड शिकवण. तिने युद्ध थांबलं नाही. पण बंडात हरलेल्यांपैकी काहींचे प्राण वाचले, आणि युद्धाच्या हिशेबात ही कमाई लहान नाही.