फुकट ते पौष्टिक?

फुकट ते पौष्टिक, असे आपण हसत म्हणतो. पण ग्रंथपालाला फुकटाचीच धास्ती वाटते. मुक्त आज्ञावली, म्हणजे कोणीही घ्यावी, उघडून पाहावी, बदलावी नि वाटावी अशी संगणकप्रणाली, त्याच्यापुढे ठेवा. पहिला प्रश्न ठरलेला : "उद्या देवघेव बंद पडली, तर बोलावू कोणाला?" प्रश्न रास्त आहे. खोळंबलेले वर्गणीदार कार्यकारिणीला नव्हे, त्यालाच बोलतात.

गंमत अशी, की अशीच एक नामांकित प्रणाली जन्मली ती अडचणीतूनच. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातल्या ग्रंथालयांची जुनी प्रणाली 2000 साल उजाडताच कोलमडणार, अशी चिन्हे दिसू लागली. बाजारातल्या नव्या प्रणालीचा खर्च पेलेना. तेव्हा त्यांनी कटिपो नावाच्या कंपनीकडून हवी तशी प्रणाली करवून घेतली. जानेवारी 2000 मध्ये ती सुरू झाली आणि त्याच वर्षी त्यांनी ती जगाला देऊन टाकली! नाव ठेवले 'कोहा'. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, पण परतफेडीची जाण ठेवून दिलेली. आपल्या आहेरासारखीच म्हणा ना.

विकतची प्रणाली पुरवणारा गाशा गुंडाळून गेला, की तिची आज्ञावली त्याच्याच कुलुपात राहते. कोहाची दुरुस्ती कोणाही जाणत्याला सांगता येते. मात्र ती बसवायला, जुन्या नोंदी हलवायला, रोज त्यांची जादा प्रत काढून ठेवायला माणूस लागतोच, आणि माणसाला पगार! हे ओळखून असलेले ग्रंथपालही कचरतात. कारण प्रणाली फुकट म्हटल्याबरोबर कार्यकारिणी त्या माणसाचा रकानाही अंदाजपत्रकातून खोडून टाकते.