एकोणीस एकांची संख्या

मूळ संख्यांचा पाठ शंभरापर्यंतच्या यादीवर संपला, म्हणजे ती यादी केवळ घोकण्यासाठीच आहे असा विद्यार्थ्यांचा समज होतो. तो दूर करण्यास फक्त १ या अंकाने लिहिलेल्या संख्या फार उपयोगी पडतात. राजुरा भागात ज्या मुलांच्या घरी गोंडी, कोलामी वा तेलुगू बोलली जाते, त्यांनाही या पाठात भाषेची अडचण फारशी भासत नाही.

प्रथम चिंचोके घ्यावेत. सहा चिंचोके दोन-दोनांच्या सारख्या ओळींत मांडता येतात. एकोणीस चिंचोक्यांच्या तशा सारख्या ओळी होत नाहीत. म्हणून ६ ही संयुक्त व १९ ही मूळ संख्या होय. आता सहा एक लिहावेत. त्यांत ११ ची जोडी तीनदा येते, म्हणून ११११११ = ११ × १०१०१. यावरून नियम निघतो : एकांची गणती संयुक्त असेल, तर ती संख्याही संयुक्तच असते.

मग गणती मूळ असल्यास संख्याही मूळ असेल काय, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील. "नाही" म्हणून त्यास गप्प करू नये. भागाकार करू द्यावा. ११ मूळ आहे; परंतु १११ = ३ × ३७, १११११ = ४१ × २७१ आणि १११११११ = २३९ × ४६४९. अनुमान चुकले हे त्यास स्वतःच्याच पाटीवर दिसेल.

येथे एक नवी खूणही सापडते. ४१ व २७१ यांस ५ ने भागल्यास बाकी १ उरते. २३९ व ४६४९ यांस ७ ने भागल्यासही १ च उरते. गणती ३ हून मोठी व मूळ असल्यास प्रत्येक मूळ अवयवाबाबत हे खरे ठरते.

११, १३ व १७ एकांच्या संख्याही संयुक्तच आहेत. एकोणीस एकांची ११,११,११,११,११,११,११,११,१११ ही संख्या मात्र मूळ आहे. भागाकारांनी हे तपासावयाचे तर तिच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे सुमारे १०५ कोटींपर्यंत, जावे लागेल. वरील खुणेमुळे १९ ने भागून १ बाकी राहणाऱ्या विषम संख्याच पाहणे पुरते. तरीही त्या पावणेतीन कोटींहून अधिक भरतात. नुसते श्रम अपुरे पडतात आणि नियमांचे मोल कळते ते येथेच.

१ ला ११ ने भागल्यास ०९ हे अंक पुनःपुन्हा येतात. १ ला या संख्येने भागल्यास अठरा शून्ये व एक ९ असा क्रम पुनःपुन्हा येतो. पुढील अशा मूळ संख्या २३, ३१७ व १०३१ एकांच्या आहेत. त्या अनंत आहेत काय, हे अद्याप कोणीही सिद्ध केलेले नाही.

११ चा वर्ग १२१ व १११ चा वर्ग १२३२१. अशा संख्यांना 'डेम्लो' नाव देऊन त्यांचा अभ्यास करणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) हे देवळाली येथे शाळाशिक्षक होते. यादी पाठ झाली की नाही याबरोबरच, अनुमान करून ते पडताळण्याचे धैर्य मुलास आले की नाही, हेही शिक्षकांनी पाहावे.