काटोलचा अशनी व ग्रहनिर्मिती

जालना जिल्ह्यातील धावडा येथील काळा बेसाल्ट आपणांस पुरातन वाटतो. परंतु त्याचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे, तर पृथ्वीचे सुमारे ४५४ कोटी. म्हणून ग्रहनिर्मितीची साक्ष दख्खनच्या खडकांत नव्हे, तर अशनींत शोधावी लागते.

२२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोल येथे अशनी पडला. त्यात नैसर्गिक ब्रिजमनाइट असल्याचे खरगपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. हे खनिज पृथ्वीच्या खालच्या प्रावरणाचा मुख्य घटक होय. दोन लाखांहून अधिक वातावरणांच्या दाबावाचून ते बनत नाही. लहान पिंडाच्या गर्भात एवढा दाब संभवत नाही. तो टकरीत क्षणमात्र निर्माण झाला. आदिम पृथ्वीचा शिलारस गोठताना प्रावरण कसे घडले असावे, हे त्या टकरीत वितळून थिजलेल्या द्रव्यावरून ताडता येते.

मात्र पाषाणाचे वय व आघाताचे वय एक नव्हे. काटोलचा अशनी ज्या एल वर्गातील आहे, त्यातील अनेकांवर सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या आघाताच्या खुणा आहेत. तेव्हा नवख्या अभ्यासकाने, तसेच अनुभवी संशोधकानेही, प्रथम हेच विचारावे : हा कण कोणत्या काळाची साक्ष देतो?