फोड नेमका कुठे येतो?

जेवताना तोंड झोंबतं, वरणभातही घशाखाली उतरत नाही. आधी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या होतात, मग दाताचा डॉक्टर होतो. काही महिन्यांनी छाती-पाठीवर पाण्याचे मऊ फोड येतात, फुटतात, सालपटं निघतात, आणि मग कुठे त्वचारोगतज्ज्ञ आठवतात. ‘पेम्फिगस व्हल्गॅरिस’चं निदान पुष्कळदा असं आडवळणानंच होतं. पेम्फिगसचा दुसरा प्रकार, पेम्फिगस फोलिएशियस, त्वचेवर अगदी वरवर पसरतो. तोंडाच्या वाटेला जात नाही. असं का, हा प्रश्न टोकियोच्या केओ विद्यापीठातले त्वचारोगशास्त्राचे प्राध्यापक मासायुकी अमागाई यांनी वर्षानुवर्षं धरून ठेवला.

रोगाचा गुन्हेगार त्यांच्या आधीच सापडला होता. 1964 साली अमेरिकेत बफेलो इथं अर्न्स्ट ब्यूटनर आणि रॉबर्ट जॉर्डन यांनी दाखवलं की, पेम्फिगसच्या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच त्वचेवर जाऊन चिकटणारी प्रतिपिंडं असतात. पुढे 1982 मध्ये ही प्रतिपिंडं नवजात उंदरांना टोचली, तर त्यांच्याही अंगावर फोड आले. पण प्रतिपिंडांचं लक्ष्य कोणतं?

1985 मध्ये केओमधून डॉक्टर झालेले अमागाई 1989 साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जॉन स्टॅन्ली यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. तिथली युक्ती सुरेख होती. मानवी त्वचापेशींमधल्या असंख्य जनुकांपासून जीवाणूंमध्ये प्रथिनं तयार करायची आणि रुग्णाची प्रतिपिंडं त्यांतल्या कशाला चिकटतात ते पाहायचं. लक्ष्य दाखवायचं काम रुग्णाच्या रक्तावरच सोपवलं होतं म्हणा ना! 1991 मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात उत्तर छापून आलं. ते कॅडहेरिन कुळातलं प्रथिन निघालं. आज त्याला डेस्मोग्लाइन 3 म्हणतात. शेजारच्या दोन पेशींवरची अशी प्रथिनं टिचबटणांसारखी एकमेकांत अडकतात आणि पेशी जोडलेल्या राहतात. प्रतिपिंडं हा जोडच सैल करतात. पेशी सुटतात, मध्ये पाणी भरतं.

फोलिएशियसमधलं लक्ष्य वेगळं आहे: डेस्मोग्लाइन 1. आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. तोंडातल्या अस्तरात 3 क्रमांकाचं प्रथिन भरपूर, 1 क्रमांकाचं नाममात्र. त्वचेत दोन्ही असतात, पण 3 मुख्यतः खालच्या थरांत आणि 1 वरच्या थरांत अधिक. फक्त 3 वर हल्ला झाला, तर त्वचेत 1 वेळ निभावून नेतं आणि तोंड तेवढं सोलवटतं. फक्त 1 वर झाला, तर तोंडाला 3 सांभाळतं आणि त्वचेचा वरचा थर सुटतो. दोन्हींवर झाला, की तोंड आणि त्वचा दोन्ही जातात. स्टॅन्ली आणि अमागाई यांच्या गटांनी मांडलेलं हे गणित इतकं नेटकं आहे की, पहिल्यांदा वाचताना शंकाच यावी!

पण ते एका अनपेक्षित ठिकाणीही लागू पडलं. लहान मुलांना स्टॅफिलोकॉकस जीवाणूंमुळे भाजल्यासारखी कातडी सुटण्याचा आजार होतो. त्यात फोड वरच्या थरातच येतात आणि तोंड वाचतं, थेट फोलिएशियससारखंच. 2000 साली अमागाई आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की जीवाणूचं विष डेस्मोग्लाइन 1 कातरतं. एक आजार प्रतिकारशक्तीचा, दुसरा जंतूचा, घाव मात्र एकाच प्रथिनावर.

उपचार मात्र यंत्रणा कळण्याची वाट पाहत थांबले नव्हते. दिल्लीच्या ‘एम्स’मधले प्राध्यापक जे. एस. पसरिचा यांनी 1980च्या दशकातच डेक्सामेथासोन आणि सायक्लोफॉस्फमाइड यांची पल्स उपचारपद्धत सुरू केली: दर 28 दिवसांनी सलग तीन दिवस सलाइनमधून औषध. भारतात पेम्फिगसच्या असंख्य रुग्णांना ती लाभली, आणि या कामाला मिळायला हवी होती तेवढी जगभर दाद मिळाली नाही, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींचा मूळ साठा, म्हणजे बी-पेशी, संपवणाऱ्या रिटुक्सिमॅबला अमेरिकेत पेम्फिगस व्हल्गॅरिससाठी 2018 मध्ये मान्यता मिळाली.

तोंडातल्या जखमा तीन-चार आठवड्यांत भरल्या नाहीत, तर जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर आणखी दिवस घालवू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, छोटासा तुकडा काढून केलेली तपासणी आणि रक्तातल्या डेस्मोग्लाइनविरोधी प्रतिपिंडांची एलायझा चाचणी यांतून निदान होऊ शकतं.